७८०५ वर दीड अँपिअर लिहिलंय, मग प्रत्यक्षात मिळतो किती?

टाकीवाला

गच्चीवरच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह आणि पंप चालवणारा कंट्रोलर आहे. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, त्यापुढे ७८०५ (पाच व्होल्ट स्थिर देणारा रेग्युलेटर), आणि पाच व्होल्टवर ईएसपी३२ या वाय-फायवाल्या मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, चार रिलेचं मॉड्यूल, १६×२ एलसीडी. ७८०५ उघडाच आहे, हीटसिंक नाही. इनपुटला ४७० मायक्रोफॅरड, आउटपुटला १००.

एक रिले चालू असेल तर तासन्‌तास काही होत नाही. दोनवर कुरकुर. तिसरा लागला की दोन-तीन मिनिटांत पाच व्होल्टचे ३.८ होतात, ईएसपी रीसेट होतो आणि सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा (व्होल्टेज कमी पडल्याचा) मेसेज येतो. दहा मिनिटं बंद ठेवलं की परत शहाण्यासारखं चालतं.

माझा हिशेब: अडॅप्टर १२ × २ = २४ वॅट. २४ ÷ ५ = ४.८ अँपिअर. ७८०५ ची मर्यादा १.५, म्हणजे दीड तरी मिळायलाच हवा. कुठे चुकतंय? आणि दोन ७८०५ समांतर जोडले तर ३ अँपिअर मिळतील का?

निवांत_ओहम

२४ ÷ ५ हा हिशेब ट्रान्सफॉर्मरला चालेल, बक कन्व्हर्टरला (स्विचिंग करून व्होल्टेज उतरवणारा) थोडी सूट देऊन चालेल, ७८०५ ला नाही. ७८०५ हा लिनिअर रेग्युलेटर. लोड आणि पुरवठा यांच्यामध्ये बसलेला, आपोआप कमी-जास्त होणारा रेझिस्टर समजा. बाहेर जितका करंट जातो तितकाच आत येतो, वर ग्राउंडच्या पायातून जाणारे ५-६ मिलीअँप. लोडने ०.४ अँपिअर घेतले तर अडॅप्टरमधूनही ०.४ च जाणार, आणि मधले ७ व्होल्ट ७८०५ च्या अंगात उष्णता होऊन राहणार. ७ × ०.४ = २.८ वॅट. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्याला हे फार झालं.

दुसरं म्हणजे आउटपुट करंट रेग्युलेटर ठरवतच नाही. तो लोड ठरवतो. रेग्युलेटरने पाच व्होल्ट धरून ठेवायचे, बस्स. म्हणून प्रश्न "किती मिळतो" असा न विचारता "माझा लोड किती मागतो आणि तेवढ्याने हा किती तापतो" असा विचारा. १.५ हा आकडा पुरेशी थंडाई असेल तरचा आहे.

शेगडी_नं_५

थोडक्यात, तुम्ही रिले चालवणारी शेगडी केली आहे. पाणी तापवायलाही वापरता येईल, टाकी आहेच.

मिलीअँप

आधी लोडची बेरीज करू, बाकीचं नंतर.

निळे चौकोनी ५ व्होल्टचे रिले असतील तर कॉइल ७० ओहमची. ५ ÷ ७० = ७१ मिलीअँप एका रिलेला. चारही लागले तर २८५. एलसीडी बॅकलाइटसकट २५ धरा. ईएसपी३२ वाय-फायवर जोडलेला असताना सरासरी १०० च्या आसपास, पण डेटाचं पाकीट पाठवताना २४० किंवा वर उडी मारतो. बनवणारी कंपनीच सांगते की पुरवठा किमान ५०० मिलीअँपचा असावा. हे ५०० कायम लागत नाहीत, उडीसाठी राखून ठेवायचे.

म्हणजे सरासरी १०० + २८५ + २५ = ४१० मिलीअँप, शिखर ६०० च्या घरात. तापमानाच्या हिशेबात सरासरी घ्यायची, ड्रॉपआउट (रेग्युलेटरला इनपुट-आउटपुटमध्ये लागणारा किमान फरक) आणि कपॅसिटरच्या हिशेबात शिखर. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो.

बोर्डावरचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटरही लिनिअरच असतो, त्यामुळे ३.३ च्या बाजूचे १०० म्हणजे ५ च्या बाजूचेही १०० च.

निवांत_ओहम

@मिलीअँप, छान. आता तेच तापमानात बसवतो.

टीओ-२२० पॅकेज (७८०५ चा हाच आकार) हवेत उघडं असेल तर जंक्शनपासून (आतल्या चिपपासून) हवेपर्यंतचा थर्मल रेझिस्टन्स साधारण ६५ अंश प्रति वॅट. हवेचं तापमान ३२ धरू.

एक रिले: १०० + ७१ + २५ = १९६ मिलीअँप. × ७ = १.३७ वॅट. × ६५ = ८९. अधिक ३२ = १२१ अंश. चालतं.
दोन रिले: २६७ मिलीअँप, १.८७ वॅट, १५३ अंश. काठावर.
तीन रिले: ३३८ मिलीअँप, २.३७ वॅट, १८६ अंश. तिथवर जाऊच देत नाही, आतलं थर्मल शटडाउन (फार तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय) आधीच आउटपुट खाली ओढतं.

टाकीवाल्यांची लक्षणं अक्षरशः हीच आहेत: एकाला काही नाही, दोनला कुरकुर, तीनला बंद, निवल्यावर परत चालू. मीटरवरचे ३.८ ही सरासरी असणार. ऑसिलोस्कोप लावला तर आउटपुट खालीवर होताना दिसेल.

उलट बाजूनेही काढता येतं. जंक्शन १२५ च्या वर न्यायचं नाही, हवा ४०. (१२५ − ४०) ÷ ६५ = १.३ वॅट. १.३ ÷ ७ = १८६ मिलीअँप. हाच तुमच्या उघड्या ७८०५ चा खरा आउटपुट करंट.

शंकासूर

६५ कुठून आले? एका कंपनीच्या डेटाशीटमध्ये टीओ-२२० ला ५० दिलेत. त्याने १८६ चे २४३ होतात. फरक थोडा नाही.

निवांत_ओहम

खरं आहे, प्रत्येक कंपनीची मोजण्याची पद्धत वेगळी. पण डबीतली कोंडलेली हवा, शेजारी तापलेली रिले कॉइल, पाय किती लांब सोडलेत, यानेही तेवढाच फरक पडतो. मोठा आकडा घेऊन हिशेब केला तर उन्हाळ्यात फोन येत नाही.

अकोल्याचा_ऊन

३२ अंश हवा! कुठे राहता हो? आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर जातं, आणि गच्चीवरच्या बंद प्लॅस्टिक डबीत ६० सहज. ६० धरून (१२५ − ६०) ÷ ६५ = १ वॅट. म्हणजे १४३ मिलीअँप. एक रिले पण नाही.

शेगडी_नं_५

बोटाची चाचणी करा. ७८०५ च्या पाठीच्या पत्र्यावर बोट पाच सेकंद टेकवता आलं तर ५५-६० अंश, लगेच उचललं तर ७० च्या वर.

मिलीअँप

बोट कॅलिब्रेट केलेलं नसतं. पोळ्या करणाऱ्याचं बोट आणि कारकुनाचं बोट यांत २० अंशांचा फरक. मल्टिमीटरसोबत मिळणारा थर्मोकपल पत्र्याला चिकटवा. जंक्शन ते पत्रा साधारण ५ अंश प्रति वॅट, म्हणजे जंक्शन = पत्रा + ५ × वॅट. २.४ वॅटला फरक फक्त १२ अंशांचा. पत्रा १०० च्या खाली राहिला की निर्धास्त.

पत्र्याला हात लावण्याआधी हेही बघा: ७८०५ चा पत्रा ग्राउंडला असतो, एलएम३१७ (व्होल्टेज बदलता येणारा रेग्युलेटर) चा आउटपुटला, ७९०५ (उणे पाच व्होल्टचा) चा इनपुटला. तिघांना एकाच हीटसिंकवर अभ्रकाची चकती न लावता ठोकलं तर कुठलाच हिशेब कामाचा नाही.

वेळूकर

हीटसिंक किती मोठा, तेही कुणीतरी सांगा ना. "मोठा लावा" हे उत्तर नाही.

निवांत_ओहम

सूत्र तेच, उलटं. ४१० मिलीअँप × ७ व्होल्ट = २.८७ वॅट. डबीतली हवा ५५ धरू. (१२५ − ५५) ÷ २.८७ = २४.४. त्यातून आतले ५ आणि पेस्ट-अभ्रकाचा १ वजा करा, उरले १८. म्हणजे १८ अंश प्रति वॅट किंवा त्याहून कमी आकड्याचा हीटसिंक. आकडा जितका लहान तितका हीटसिंक मोठा, हे नवख्यांना उलटं वाटतं. चिमट्यासारखा बसणारा छोटा २०-२५ चा असतो, तो पुरणार नाही. पंखांचा, १० ते १५ चा घ्या, पंख उभे राहतील असा बसवा आणि डबीला वरखाली भोकं पाडा. बंद डबीत हीटसिंक म्हणजे पांघरुणात पंखा.

जुना_सोल्डर

समांतर जोडण्याचं राहिलं. करू नका. ७८०५ चं आउटपुट ४ टक्के इकडेतिकडे, म्हणजे ४.८ ते ५.२ मधलं काहीही. एक ५.०५ देतो, दुसरा ४.९५. दुसऱ्याला वाटतं व्होल्टेज आधीच जास्त आहे, तो हात वर करून बसतो. सगळा भार पहिल्यावर. पहिला तापून खाली आला की दुसरा उठतो. भाऊबंदकीतल्या शेतासारखं, कामाला एकच.

प्रत्येकाच्या आउटपुटला ०.३३ ओहम घालून भार थोडाफार वाटता येतो, पण मग लोडसोबत व्होल्टेज हलतं, रेग्युलेटर लावल्याचा अर्थच जातो. त्यापेक्षा लोड वाटा. एक ७८०५ फक्त रिलेला, दुसरा ईएसपी आणि एलसीडीला, ग्राउंड एक. रिले खटकला तरी ईएसपीची लाइन हलत नाही. रिलेचा मात्र हीटसिंकवरच हवा, त्याचे एकट्याचे २ वॅट होतात.

तिसरं_सेम

सर, इथेच विचारतो. डिप्लोमाला झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड) रेग्युलेटरचं गणित येतं: इनपुट १२ ते १६ व्होल्ट, झेनर ५.१, लोड ० ते २० मिलीअँप, रेझिस्टर काढा. यात जास्तीत जास्त इनपुट घ्यायचं की कमीत कमी? मित्र म्हणतो सरासरी १४ घे.

जुना_सोल्डर

मित्राला कॅंटीनमध्ये बसव.

रेझिस्टर काढताना सगळ्यात वाईट दिवस घ्यायचा: इनपुट कमीत कमी, लोड जास्तीत जास्त. त्याही वेळी झेनरमधून थोडा करंट, समजा ५ मिलीअँप, वाहिला पाहिजे, नाहीतर तो रेग्युलेट करणं सोडून देतो. (१२ − ५.१) ÷ २५ मिलीअँप = २७६ ओहम. जवळचा खालचा २७०. खालचाच. वरचा ३०० घेतला तर झेनर उपाशी.

मग उलटा वाईट दिवस: इनपुट १६, लोड शून्य. (१६ − ५.१) ÷ २७० = ४०.४ मिलीअँप, सगळा झेनरमधून. × ५.१ = २०६ मिलीवॅट. ४०० मिलीवॅटचा झेनर चालेल. रेझिस्टरवर १०.९ × १०.९ ÷ २७० = ०.४४ वॅट, म्हणून १ वॅटचा घे. अर्ध्या वॅटचा कागदावर बसतो, पण पीसीबी तपकिरी होते.

परीक्षेत हा दुसरा भाग बरेचजण सोडतात आणि मार्क तिथेच जातात. गंमत म्हणून हेच ५०० मिलीअँपला करून बघ. ६.९ ÷ ०.५०५ = १३.७, घेतला १२ ओहम. लोड काढला आणि इनपुट १६ झालं की झेनरमधून ०.९ अँपिअर, साडेचार वॅट. झेनर रेग्युलेटर दहा-वीस मिलीअँपपुरताच का वापरतात ते यावरून कळेल.

तिसरं_सेम

कळलं सर. पुस्तकात याला "विभवांतर नियामक" लिहिलंय, ते हेच ना?

शेगडी_नं_५

हेच. दुकानात जाऊन "पाच व्होल्टचा विभवांतर नियामक द्या, विद्युतधारा दीड अँपिअर" म्हणून बघ. दुकानदार आतून मालकाला बोलावेल.

वेळूकर

हसू नका, शाळेत विद्युतधारा शिकलेली पोरं "करंट" म्हटलं की शॉकच समजतात. "करंट काढायचा" म्हणजे नक्की काय हेही त्यांना कळत नाही.

पॉवरवाला_पुणे

विषय निघालाच आहे तर, ५ व्होल्टला ३ अँपिअर हवे असतील तर ७८०५ सोबत पीएनपी ट्रान्झिस्टर. डेटाशीटच्या शेवटच्या पानावर सर्किट असतं, पण रेझिस्टर कसा काढायचा हे कुणी नीट सांगत नाही.

इनपुटकडून ७८०५ च्या इनपुट पायाकडे एक रेझिस्टर. पीएनपी टीआयपी२९५५ चा एमिटर इनपुटला, बेस ७८०५ च्या इनपुट पायाला, कलेक्टर थेट आउटपुटला. ७८०५ ने ०.३ अँपिअर वाहावा, बाकी २.७ ट्रान्झिस्टरने, असं ठरवू. या करंटला टीआयपी२९५५ चा बीटा (कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट) किमान २० धरा. बेस करंट २.७ ÷ २० = ०.१३५. हा बेस करंटही ७८०५ मधूनच जातो, हे विसरलं की आकडा चुकतो. मग रेझिस्टरमधून ०.३ − ०.१३५ = ०.१६५. त्यावर बेस-एमिटरचे ०.८ व्होल्ट. ०.८ ÷ ०.१६५ = ४.८, घ्या ४.७ ओहम अर्धा वॅट.

हलका लोड असताना ट्रान्झिस्टर झोपलेला असतो. ४.७ वर ०.६-०.७ व्होल्ट पडले की, म्हणजे साधारण १४० मिलीअँपला, तो जागा होतो.

जुना_सोल्डर

आणि शॉर्ट झालं की कायमचा झोपतो. ७८०५ स्वतःला वाचवतो, ट्रान्झिस्टरला कोण वाचवणार? दुसरा छोटा पीएनपी आणि एमिटरच्या वाटेत सेन्स रेझिस्टर घाला. ट्रान्झिस्टरची मर्यादा ३.५ अँपिअर हवी तर ०.६५ ÷ ३.५ = ०.१८ ओहम. त्यावर २.२ वॅट, म्हणून ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर. आता इनपुटला किमान किती लागेल मोजा: ५ + ७८०५ चे २ + ०.८ + ०.६५ = ८.४५ व्होल्ट. आणि ९ व्होल्ट इनपुटवर शॉर्ट झालं तर ट्रान्झिस्टरवर ३० वॅटच्या आसपास. हीटसिंक त्या हिशेबाचा, नाहीतर आधी फ्यूज.

पॉवरवाला_पुणे

मान्य. ३ अँपिअरला आजकाल कुणी हे नवीन बनवू नये हेही मान्य. दुरुस्तीला आलेल्या जुन्या पॉवर सप्लायमध्ये मात्र हेच सापडतं.

फीडर_११केव्ही

सगळे १२ व्होल्टचा स्विचिंग अडॅप्टर धरून चाललेत. गावाकडे अजून ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिजच (एसीचा डीसी करणारे चार डायोड) लावतात, कारण वीज पडली की स्विचिंगवाला आधी जातो. तिथला हिशेब निराळा.

९ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. तो १ अँपिअर एसीचा. ब्रिज आणि मोठा कपॅसिटर लावला की कपॅसिटर टोकाटोकाला झटके मारून करंट ओढतो, त्यामुळे डीसी साधारण ०.५५ ते ०.६ अँपिअरच घ्यायचा. १ अँपिअर घेतलात तर ट्रान्सफॉर्मर भाजतो, आणि लोक ७८०५ बदलत बसतात.

आता व्होल्टेज. २३० ला ९ × १.४१४ = १२.७, ब्रिजचे १.८ गेले, १०.९ उरले. शेताच्या फीडरवर मोटारी चालू असताना १८० येतात. तेव्हा ट्रान्सफॉर्मरचे ७.०४, शिखर ९.९६, ब्रिज वजा ८.१५. रिपल (कपॅसिटरवरच्या व्होल्टेजचं खालीवर होणं): ०.५ अँपिअर × १० मिलिसेकंद ÷ २२०० मायक्रोफॅरड = २.३, प्रत्यक्षात कपॅसिटर पूर्ण १० मिलिसेकंद रिकामा होत नाही म्हणून १.८ धरा. तळ ६.३५. ७८०५ ला ७ लागतात. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा आउटपुट खचतं, मीटरवर मात्र ४.९ दिसतं आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधतो. मीटर एसी रेंजला करून आउटपुटवर लावा, शे-दोनशे मिलिव्होल्ट दिसले की समजा तळ लागतोय.

४७०० मायक्रोफॅरड केले तर रिपल ०.८५, तळ ७.३. जेमतेम सुटतं. ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा केला तर १८० ला आराम, पण रात्री मोटारी बंद होऊन २५० आले की ७८०५ वर १० व्होल्टच्या वर आणि तीच शेगडी. दिवसा उपाशी, रात्री अजीर्ण.

मिलीअँप

@फीडर_११केव्ही, नो-लोडला तर ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज आणखी १५-२० टक्के वर असतं. २५ व्होल्टच्या कपॅसिटरऐवजी १६ चा लावणाऱ्यांनी हे वाचावं.

एलईडीताई

एलएम३१७ ने करंट स्थिर ठेवायचा असेल तर मात्र आउटपुट करंट खरोखर रेग्युलेटरच ठरवतो, @निवांत_ओहम. १.२५ ÷ रेझिस्टर. ३.६ ओहम लावला तर ३४७ मिलीअँप, १ वॅटच्या पांढऱ्या एलईडीला योग्य. रेझिस्टरवर ०.४३ वॅट, म्हणून १ वॅटचा.

हमखास चूक म्हणजे १२ व्होल्टवर तीन एलईडी ओळीने. तीन गुणिले ३.२ = ९.६. उरले २.४. एलएम३१७ ला १.२५ रेझिस्टरवर आणि स्वतःसाठी दोनेक व्होल्ट लागतात. म्हणजे ३.२५ हवेत, आहेत २.४. एलईडी मंद लागतात आणि दोष एलईडीला. दोनच घ्या, किंवा पुरवठा १५ चा करा. आणि १० मिलीअँपच्या खालचा करंट स्रोत याने करू नका, त्याला स्वतःलाच रेग्युलेशनसाठी जास्तीत जास्त १० मिलीअँप लागू शकतात.

निवांत_ओहम

ताई, बरोबर. "लोड ठरवतो" हे स्थिर व्होल्टेजसाठीच, मी तसं लिहायला हवं होतं.

एलएम३१७ १९७६ सालचा, बॉब डॉबकिन आणि ब्रेंट वेलिंग यांचा. त्याआधी १९६९ मध्ये बॉब विडलरचा एलएम१०९ आला होता, तीन पायांचा ५ व्होल्टचा. थर्मल शटडाउन त्यातही होतं. म्हणजे टाकीवाल्यांचा रिले बंद पडण्याची सोय तेव्हापासून करून ठेवलेली आहे.

वेळूकर

मग १११७ हा रेग्युलेटर लावला तर? लो ड्रॉपआउट म्हणतात, कमी तापत असेल.

मिलीअँप

नाही! हा गैरसमज फार पसरलाय. लो ड्रॉपआउट म्हणजे कमी फरकावर चालू *शकतो*. १२ व्होल्ट दिले तर ७ व्होल्ट त्यालाही जाळावेच लागतात. शिवाय तो सरफेस माउंट, पत्र्याखालच्या तांब्यावर अवलंबून. तांबं कमी असेल तर ९० अंश प्रति वॅट. अर्डुइनो युनोच्या क्लोनवर हाच असतो. गोल सॉकेटला १२ व्होल्ट, डायोडचे ०.७ गेले, त्याच्यावर ६.३ व्होल्ट. ४० अंश हवेत (१२५ − ४०) ÷ ९० = ०.९४ वॅट, म्हणजे १५० मिलीअँप. दोन रिले आणि राम राम. तिथे ७.५ ते ९ व्होल्टचा अडॅप्टर लावावा.

आउटपुट कपॅसिटरचंही बघा. जुन्या १११७ ला थोडा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) असलेला कपॅसिटर लागतो, टँटलम किंवा साधा इलेक्ट्रोलिटिक. नुसता सिरॅमिक लावला तर ऑसिलेट होऊ शकतो, आणि मग तो लोड नसतानाही तापतो.

बक_बक

इतके प्रतिसाद झाले आणि कुणी एलएम२५९६ या बक कन्व्हर्टरचं नाव घेत नाही?

टाकीवाल्यांचं वॅटचं सूत्र इथे चालतं. ५ × ०.४१ = २.०५ वॅट. कार्यक्षमता ८० टक्के धरा. २.०५ ÷ ०.८ = २.५६ वॅट आत. ÷ १२ = ०.२१ अँपिअर. उष्णता अर्धा वॅट, तीही मॉड्यूलभर पसरलेली. उलट काढायचं तर २४ × ०.८ ÷ ५ = ३.८ अँपिअर, पण आयसीची मर्यादा ३, आणि लाल-निळ्या स्वस्त मॉड्यूलवर हीटसिंकशिवाय २ च्या वर जाऊ नये.

इंडक्टरचा रिपलही धरा: (१२ − ५) × ०.४१७ ÷ (१५० किलोहर्ट्‌झ × ३३ मायक्रोहेन्री) = ०.५९ अँपिअर. म्हणजे २ अँपिअर लोडला इंडक्टरमधून शिखर २.३. इंडक्टर त्या आकड्याला सॅच्युरेट होत असेल तर मॉड्यूल शिट्टी मारतं आणि तापतं.

बूस्टला (व्होल्टेज चढवणाऱ्या कन्व्हर्टरला) तर याची उलटी बोंब. ३.३ व्होल्टवर आलेल्या सेलमधून ५ व्होल्ट १ अँपिअर हवे, तर ५ ÷ (०.८८ × ३.३) = १.७ अँपिअर सेलमधून. १२ व्होल्ट १ अँपिअर हवे तर ४.१. जाहिरातीतला "२ अँपिअर" आउटपुटचा समजू नका.

जुना_सोल्डर

बकचा आवाज एडीसीत (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात मोजणाऱ्या भागात) शिरतो. टाकीचा प्रेशर सेन्सर असेल तर आकडा नाचेल.

बक_बक

मग बक ७.५ ला लावा, पुढे ७८०५. त्याच्यावर २.५ × ०.४१ = १ वॅट. दोघांचंही समाधान.

टाकीवाला

सगळ्यांचे आभार, अर्धी वही भरली. मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून ७८०५ च्या इनपुटला सिरीजमध्ये मोजलं: चारही रिलेला ०.४२. अडॅप्टर १२.२. घरात पडलेला पंखांचा हीटसिंक लावला, पत्रा उघड्यावर ८२, डबी बंद केल्यावर ९७. म्हणजे ९७ + ५ × ३ = ११२. पास तर झालं, पण अकोल्याच्या दादांनी घाबरवलंय.

अकोल्याचा_ऊन

घाबरायलाच हवं. डबी १५ अंशांनी तापली की झाले १२७.

मिलीअँप

मोजणं नेमकं केलंत. एकच पुस्ती: २०० मिलिअँपच्या रेंजला चुकून लावू नका, फ्यूज जातो आणि मग "रेग्युलेटर करंटच देत नाही" असा नवा धागा निघतो. आणि हे सगळं ब्रेडबोर्डवर असेल तर अर्ध्या अँपिअरला त्याच्या पट्ट्यांतच दोन-तीनशे मिलिव्होल्ट जातात, रिलेच्या तारा थेट सोल्डर करा.

एलईडीताई

एक विचारू? रिले पाच व्होल्टचे कशाला? अडॅप्टर १२ चा आहेच. त्याच साइजचा १२ व्होल्टचा रिले ४०० ओहमचा, ३० मिलीअँप. चार मिळून १२०, तेही थेट अडॅप्टरमधून. ७८०५ वर उरले ईएसपी आणि एलसीडीचे १२५ मिलीअँप. ७ × ०.१२५ = ०.८८ वॅट. × ६५ = ५७. ६० अंशांच्या डबीतसुद्धा ११७. बक नको, ट्रान्झिस्टर नको.

शेगडी_नं_५

चाळीस प्रतिसादांचं सरण रचलं आणि ताईंनी एका ओळीत विझवलं.

निवांत_ओहम

हे आधी सुचायला हवं होतं. २८५ मिलीअँप पाच व्होल्टवर नेऊन जाळण्यात काहीच अर्थ नव्हता.

टाकीवाला

१२ व्होल्टचं चार रिलेचं मॉड्यूल आणलं. ७८०५ च्या इनपुटला आता ०.१३, पत्रा हीटसिंक काढून ८१. हीटसिंक परत लावून ठेवतोय. मात्र नवीनच त्रास: चारही रिले सतत चालूच राहतात, पिन हाय करा की लो.

पॉवरवाला_पुणे

व्हीसीसीला १२ दिलेत ना? मॉड्यूल लो सिग्नलवर चालणारं आहे. ईएसपीची पिन हाय म्हणजे ३.३, ऑप्टोकपलरच्या (प्रकाशाने सिग्नल पोचवणाऱ्या भागाच्या) एलईडीला वरून १२. मधले ८.७ व्होल्ट त्याला पुरेसे आहेत, तो विझेल कसा? वर तो करंट ईएसपीच्या पिनमध्ये घुसतोय, आधी वायर काढा.

जेडी-व्हीसीसी आणि व्हीसीसी यांच्यामधला जम्पर काढा. जेडी-व्हीसीसीला १२ (कॉइलसाठी), व्हीसीसीला ७८०५ चे ५ (ऑप्टोसाठी). हाय असताना फरक १.७ उरतो, तेवढ्यात ऑप्टो आणि त्याच्या सिरीजमधला लाल एलईडी दोन्ही लागत नाहीत. मॉड्यूलवर जम्परच नसेल तर प्रत्येक इनपुटला बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि बेसला ४.७ किलोओहम.

टाकीवाला

जम्पर होता. काढला. चारही खटके नीट. पिनाही वाचल्या आहेत, तपासल्या.